बाईंच्या खोलीतला डीप फ्रीज

१४ एप्रिल १९८१
तिसरा आला. भंडाऱ्याच्या कुणा आइस्क्रीमवाल्याने दुकान बंद केलं, त्याचा डीप फ्रीज यांनी उचलला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, खाली धानाचं तणस, वरून गोणपाट. पेटीसारखा आहे, झाकण वर उघडतं. अर्धं आसगाव आंगणात गोळा. यांच्या चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज.

घरात माणसं तीन: हे, मी आणि सासूबाई. फ्रीजही आता तीन. माणशी एक. लेकरू असतं तर चौथाही आणला असता.

कुठे ठेवायचा यावर दुपार गेली. स्वयंपाकघरात पहिला आहे, दूधदह्याचा. मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, दुसरा, मासळी-अंड्यांचा, कारण बाई स्वयंपाकघरात मासळी येऊ देत नाहीत. (सासूबाईंना घरात आणि गावात सगळे बाईच म्हणतात.) जाड पिनेच्या प्लगचं बटण फक्त मधल्या खोलीत. ती बाईंची खोली. तिथेच बसवला, त्यांच्या खाटेशेजारी.

बाई म्हणाल्या, "हे कोनतं जनावर आनलंस रे वसंता? कन्हून राहिलं थे."
हे: "दिवाळीले आंब्याचा रस खाशीन बाई."
बाई: "दिवाळीले मी राह्यली त."

२ मे १९८१
रस भरून ठेवला. कैरीचं पन्हं, लिंबाचं सरबत. तलावावरून मरळ मासळी आली ती मागच्या फ्रीजमध्ये. घरात दिवसभर माणसं. कोणी थंड पाणी प्यायला, कोणी लग्नाचं दही ठेवायला, कोणी नुसतं झाकण उघडून आत हात घालून बघायला. हे प्रत्येकाला हो म्हणतात. यांच्या तोंडात नाही हा शब्दच देवाने घातला नाही. यांच्या भात गिरणीतही तेच, घरातही तेच.

खोटं कशाला लिहू, मलाही बरं वाटतं. घर भरलेलं दिसतं.

बाई मात्र माठातलंच पितात. फ्रीजचं पाणी दातात शिरतं म्हणतात. त्यांना थंडी फार. वैशाखातही पायावर घोंगडी लागते.

९ मे १९८१
लाईट गेली. हे वाक्य आता रोज लिहावं लागणार असं दिसतं. यापुढे नुसतं ला. गे.

२६ मे १९८१
मागच्या आळीतला म्हातारा धोंडबा उन्हाने गेला. लेक वर्ध्याला. ती येईपर्यंत ठेवायचं, आणि ऊन असं की आंगणात पाय ठेवता येईना. बर्फाचा कारखाना भंडाऱ्याला. एसटीने आणावा तर वाटेतच त्याचं पाणी. त्याचा पुतण्या दारात येऊन म्हणाला, "वसंताभाऊ, तुमच्या थ्या पेटीत बर्फ असन का?"

होता नव्हता सगळा दिला. भिंतींना धरलेला सुद्धा खरवडून दिला. लेकीला बापाचं तोंड दिसलं. परत जाताना ती आमच्या दारात थांबून रडली. यांच्याही डोळ्यांत पाणी. मलाही वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला.

३० मे १९८१
हे तेलाचे पिपे आडवे कापून आणतात, काठ ठोकून गुळगुळीत करतात. मला वाटलं कुलफीसाठी. विचारलं. म्हणाले, "मोठे गठ्ठे जमले पाह्यजे. एक डाव लागन, दोन डाव लागन."

११ एप्रिल १९८२
रस काढायला आंबे आणले तर हे म्हणतात डी. फ्री.मध्ये जागा नाही. यंदा रस नको. पाच पिपे भरून ठेवलेत. उन्हाळा आहे, लोक येतील.

म्हणजे आम्ही घरात बसून कोण मरतं याची वाट बघायची. तसं मी बोलले. रागावले नाहीत. म्हणाले, "विमल, पुन्याचं काम हाये."
पुण्याचं असेल. पण रोज सकाळी बाईंच्या खाटेवरून वाकून तो बर्फ चाचपायचा, जमला की नाही ते बघायचं, हे मला सोसत नाही.

२० मे १९८२
शेजारची कमल आली होती. सरबत दिलं. म्हणाली, "नोको वो बाई, माह्या घसा धरते."
काल तिच्या जावेचाही घसा धरत होता. परवा पोस्टमास्तरच्या बायकोला उपास होता, सरबत कोणत्या उपासाला चालत नाही? गावाला कळलंय आमचा बर्फ कशाला जातो ते. पिपे वेगळे आहेत, राखेने घासून उन्हात ठेवते, सरबताचं पाणी तर स्वयंपाकघरातल्या फ्रीजचं. कोणाला सांगत बसू? मरणाला आमचं घर हवं आणि सरबताला नको.

मीच प्यायले दोन्ही पेले. मग भडभडून आलं.

४ जून १९८२
पवनीकडच्या खेड्यातून बैलगाडी आली. ओळख ना देख. भाताचा कोंडा भरून दोन पिपे नेले. कोंड्यात बर्फ टिकतो हे यांनीच शिकवलंय सगळ्यांना. बाई खाटेवर बसून बघत होत्या. गाडी गेल्यावर म्हणाल्या, "कोन होतं थे?" मी म्हटलं माहीत नाही. म्हणाल्या, "नाव त इचारून घेत जाय."

८ जानेवारी १९८३
मोरू भाऊजी सुटीवर आलेत. यांचा धाकटा भाऊ, फौजेत, आसामकडे. बायको-मुलं माहेरी सोडून एकटेच आले. मामाजी गेल्यापासून हे असंच. येतात, बाईंच्या पायाशी बसतात, यांच्याशी कामापुरतं बोलतात.

मामाजी, म्हणजे सासरे, भर मे महिन्यात गेले. तेव्हा घरात एकही फ्रीज नव्हता. तार केली होती, पण थांबणार कसं? यांनी अग्नी दिला. भाऊजी आले तेव्हा राख सावडून झाली होती. फौजी पेटी आंगणात टाकून तसेच नदीवर गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत. तेव्हापासून दोघा भावांत एक गोष्ट अडकून बसली आहे. तिच्यावर कोणी बोलत नाही.

आज जेवण झाल्यावर भाऊजींनी डी. फ्री.चं झाकण उघडलं. बराच वेळ आत बघत होते. मग म्हणाले, "दादा, हे बाबाच्या वक्ती असतं त मले त्याईचं तोंड दिसलं असतं."
हे म्हणाले, "बाईच्या वक्ती तसं नाई होनार. तू येस्तोवर थांबू आमी. माहा शबद हाये."
आणि पाच वर्षांत पहिल्यांदा भाऊजींनी यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मी ताटं उचलत होते. आत्ता कळलं मला की हा डीप फ्रीज कशासाठी आणला ते. रस नाही, पन्हं नाही. यांना स्वतःलाही तेव्हा कळलं होतं की नाही कोण जाणे.

बाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. झोपल्या होत्या की नाही, सांगता येत नाही.

१८ मे १९८३
अनसूयाबाई गेल्या. बाईंच्या बरोबरीच्या. दोघी एकाच साली या गावात लग्न होऊन आल्या, भाताच्या रोवणीला एका बांधीत वाकल्या, म्हातारपणी एका खाटेवर बसून डाळ निवडली. मुलगा सुरतेला. निरोप गेला, तो निघाला, बर्फ आमच्याकडून.

ला. गे. सकाळपासून.

२० मे १९८३
मुलगा आज आला. तोवर अनसूयाबाई आमच्या बर्फावर. आंघोळ घालायला बाई गेल्या होत्या, मी धरून नेलं.  घरी आल्यावर चुलीपुढे बसल्या ते उठेचनात. एवढ्या उन्हात चुलीपुढे! हात जाळावर धरलेले.

हे गिरणीतून आले तेव्हा बोलल्या. दोघांनाही समोर बसवून.

"अनसूचं लुगडं पिळा लागलं. आंगाखालून पानी. मूठ उघडे ना तिची, तुळशीचं पान ठेवाले जागा नाई. कुकू वघरून गालावर आलं. म्या पुसलं त गाल दगडावानी." मग जरा थांबून: "मले त्याच्यात नोको ठेवू रे वसंता. मी जलमभर थंडीले भेली. मले सुकी जाऊ द्या."

हे म्हणाले, "हो बाई. तू म्हनशीन तसंच."

मी यांच्याकडे बघत राहिले. यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

२१ मे १९८३
जेवताना विचारलं, "आन् भाऊजीले काय सांगान?"
म्हणाले, "थेव्हाचं थेव्हा पाहू."
"दोघायलेबी हो म्हटलं तुमी."
"त मंग का करू? बाईले नाई म्हनू का मोरूले?"
 हे ताटात हात धुऊन उठले. भात तसाच टाकला. असं त्यांनी कधी केलेलं नाही.

२ जून १९८३
डी. फ्री. बाईंच्या खोलीतून हलवा म्हणून मी यांच्या मागे लागले. वायरमन बोलावला. म्हणतो, नवीन लाईन ओढावी लागेल, मीटरवर झेपणार नाही, आधीच तीन-तीन यंत्रं. मग बाईंची खाट हलवू म्हटलं तर बाई नाही म्हणतात. "ह्याच खोलीत तुहा सासरा गेला. मी कोठी जाऊ?"

फेब्रुवारी १९८४, तारीख नाही माहीत, कॅलेंडर उंदराने खाल्लं
मागचा फ्रीज बिघडला. झिंगे सडले, सपरीत उभं राहवेना. नाक बांधून धुतला. दुरुस्तीला माणूस येईल तेव्हा येईल. हे गिरणीत. बाई म्हणाल्या, "बरं झालं, एक त मेलं." मी हसले. खूप दिवसांनी हसले असेन.

१५ मे १९८४
ला. गे. गठ्ठे वितळून खोलीभर पाणी. बाईंच्या खाटेचे पाय ओले. पोतेरं घेऊन बसले. बाई वरून बघत होत्या, पाय पोटाशी ओढून.  मला वाटलं ती पेटी उचलून तलावात टाकावी.

१० नोव्हेंबर १९८४
धान घरी आलं. नवा तांदूळ. बाईंनी दोन घास खाल्ले. म्हणाल्या, वास छान आहे. हात बारीक झालेत त्यांचे, पाटल्या कोपरापर्यंत सरकतात.

२१ एप्रिल १९८५
बाई न्हाणीत पडल्या. लागलं नाही फारसं, पण उठवून बसवलं तर मान धरेना. खाणं बंद. पेज चमच्याने देते, अर्धी बाहेर येते.

२९ एप्रिल १९८५
पवनीचे डॉक्टर येऊन गेले. आंगणात यांना बाजूला घेऊन बोलले. हृदय थकलंय, नागपूरला नेऊन हाल करू नका. हे मान हलवत होते. डॉक्टरांनाही हो.

संध्याकाळी भाऊजींना तार.

३ मे १९८५
भाऊजींची तार आली. निघालो. मी येईपर्यंत काही करू नका.

बाईंनी विचारलं, "काय म्हनते मोरू?"
हे म्हणाले, "येऊन राहिला म्हनते." तेवढंच. तार घडी करून खिशात.

शुद्ध आहे बाईंना. सगळं कळतं. बोलणं कमी झालंय इतकंच. मला वाटतं त्यांना न वाचलेलंही कळलं.

४ मे १९८५
आज यांनी पिपे भरले.

विहिरीचं पाणी काढून, गाळून, एकेक पिपा उचलून आत. बाईंच्या डोळ्यांदेखत. खाली मान घालून, चोरासारखे. बाई एकटक बघत होत्या.  एवढी चीड मला आयुष्यात कशाची आली नसेल. जित्या माणसासमोर! तिरडीचे बांबू आणून भिंतीला टेकवून ठेवायचेच राहिले होते.

मागे विहिरीवर गाठलं त्यांना. मी वाट्टेल ते बोलले. शब्द दिला होता, त्याचं काय, आई आहे की कोण आहे. यांनी ऐकून घेतलं. मग दोर तसाच हातात धरून रडले. म्हणाले, "म्या बाबाले आग लावली तेव्हा मोरू गाडीत होता. नदीवरून आला तेव्हाचं त्याचं तोंड तू पाह्यलं नाई का? पुन्हा तेच करू का मी?"

पाहिलं होतं. मी बादली उचलून आत आले.

५ मे १९८५
बाईंच्या श्वासाला घरघर. पाय थंड. मिठाच्या पुरचुंड्या तव्यावर गरम करून तळव्यांना लावते. त्या लावल्या की चेहरा सैल होतो. एवढंच करता येतं मला.

डी. फ्री. मात्र ठणठणीत. आज लाईट एकदाही गेली नाही. मेली नेमकी आजच टिकली.

६ मे १९८५
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी काशीराम आला. कमलच्या पलीकडच्या घरातला. त्याची नात तापाने गेली. सात-आठ वर्षांची, परवा आमच्याच आंगणात लंगडी खेळत होती. तिचा बाप, म्हणजे काशीरामचा लेक, नाकाडोंगरीला खाणीत. माणूस पाठवलाय, पण इथून तिथे म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, आणि तो येणार तो उद्या. काशीराम दारात उभा राहून म्हणाला, "वसंताभाऊ, बर्फ पाह्यजे होता." बोलताना त्याचा आवाज सरळ होता, हातातलं दुपट्टं मात्र पिळत होता.

हे म्हणाले, "नाई गा काशीराम. या डावाले नाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. इतक्या वर्षांतलं यांचं पहिलं 'नाही', आणि ते कोणाला! काशीरामलाही खरं वाटेना. त्याने मधल्या खोलीच्या दाराकडे बघितलं, बाईंची खाट दिसली, आणि तो समजला. "बरं हाये भाऊ," म्हणाला आणि निघून गेला. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

हे तडक सायकल काढून पवनीला गेले. भाऊजींची दुसरी तार आली का बघायला म्हणाले. मला वाटतं त्यांना घरात थांबवेना.

मी बाईंजवळ गेले. डोळे उघडे.
"कोन होतं?"
सांगितलं. लपवून उपयोग नव्हता.
 मग म्हणाल्या, "दे त्याले."
मी म्हटलं, "बाई, यायनं नाई म्हटलं हाये."
"घर माहं हाये." इतक्या दिवसांत इतक्या ठसक्याने बोलल्या नव्हत्या. मग दम घेऊन, "विमल, सारा दे. एकबी पिपा ठेवू नोको."

त्या काशीरामच्या नातीसाठी म्हणत होत्या की स्वतःसाठी, हे मी विचारलं नाही. दोन्हीसाठी असेल. ती पोर बाईंच्याच मांडीवर बसून फुटाणे खायची. आणि तो बर्फ घरात उरला तर कोणासाठी उरणार तेही त्यांना माहीत.

मी काशीरामला हाक मारली. तो आणि त्याचा भाऊ आले. झाकण मी उघडलं. पाचही पिपे मी हात लावून काढून दिले, बोटं बधिर झाली. कोंडा गिरणीतून घ्या म्हटलं. काशीराम बाईंच्या खाटेकडे बघून वाकला. बाईंनी डोळे मिटले होते.

रिकामी पेटी उघडीच ठेवली थोडा वेळ. आतून गार वाफ येत होती ती बाईंकडे जाऊ लागली म्हणून झाकण लावलं.

हे उन्हं उतरताना आले. तार नव्हती. सवयीने झाकण उघडलं. तसेच उभे.
"कोनं देल्ला?"
मी म्हटलं, "म्या."
खाटेवरून आवाज आला, "म्या."
हे दोघींकडे बघत राहिले. ओरडतील वाटलं होतं. ओरडले नाहीत. पिपे तर गेलेले. घरातली पातेली, दुधाची कासंडी, हंडा, जे मोठं दिसलं ते घेऊन विहिरीवर गेले. पाणी ओढल्याचा आवाज येत होता. एकेक आणून आत ठेवलं.  बाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

मी मधे पडले नाही. कोणाच्या बाजूने पडू?

७ मे १९८५
ला. गे. सकाळीच. हे वायरमनला शोधायला सायकलवर. पातेल्यातलं पाणी विहिरीतून निघालं तेव्हा होतं त्याहून कोमट झालं.

दुपारी काशीरामचा लेक आला. पोरीचं सगळं आटोपून, ओल्या धोतराने तसाच. आत येऊन बाईंच्या पायाशी बसला. "बाई, माह्या पोरीचं तोंड पाह्यलं म्या. झोपल्यावानी होती."  तो तिथेच जमिनीवर बसून रडला, एवढा मोठा गडी. बाईंनी हात उचलायचा प्रयत्न केला. मी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला.

तो गेल्यावर बाई किती तरी वेळ दाराकडे बघत होत्या. मला वाटलं पाणी हवंय. विचारलं. मानेने नाही म्हणाल्या.
मग म्हणाल्या, "मोरू कोठी असन आता?"
मी म्हटलं, गाडीत असतील.

८ मे १९८५, दुपार
लाईट सकाळी आली. पेटी कण्हू लागली.

भाऊजींचा पत्ता नाही. आसामकडून गाड्या उशिराने येऊन राहिल्या म्हणून पोस्टात कोणी सांगितलं. हे फाट्यावर जाऊन बसलेत, भंडाऱ्याहून येणारी प्रत्येक एसटी बघतात. जाताना मला म्हणाले, "पाहात राहजो." काय पाहू ते बोलले नाहीत.

बाईंचा श्वास मधे थांबतो, मग पुन्हा सुरू होतो. थांबला की माझाही थांबतो. कमल येऊन बसली होती, तुळशीचं पान ठेवून गेली. आज तिने आमच्या घरचं पाणी मागून घेतलं. प्यायली.

मघाशी झाकण उघडून हंड्यात हात घातला. वरून पाणीच आहे. कडेला मात्र पापुद्रा धरलाय, बोट लावलं की मोडतो. संध्याकाळपर्यंत लाईट राहिली तर जमेल. प्लग माझ्या हाताशी आहे. तीनदा त्याच्याकडे बघितलं. आईला सुकं जाऊ द्यावं की लेकाला तोंड दाखवावं, मला खरंच कळत नाही. काल सकाळपर्यंत कळत होतं.

झाकणाचा आवाज ऐकून बाईंनी डोळे उघडले. ओठ हलले. कान जवळ नेला.
"जमला का?"
हो म्हणून हवं होतं की नाही म्हणून, चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. मी म्हटलं, "नाई बाई, अजून नाई."

त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी झटकन मागे घेतला. माझा हात बर्फगार होता. पदराला पुसला, काखेत दाबून धरला, जरा ऊब आल्यावर मग त्यांचा हात हातात घेतला. आता त्यांनी धरू दिला. दुसऱ्या हाताने हे लिहिते आहे. बाहेर एसटीचा आवाज आला, फाट्यावर थांबली. कोणी उतरलं की नाही, इथून दिसत नाही.